उजवा भोवरा

१

झेब्रा मासे पहिल्या उजेडाला अंडी घालतात, त्यामुळे माझी सकाळ इतरांच्या आधी सुरू व्हायची. गंगापूर रोडवरचं आमचं कॉलेज त्या वेळी रिकामं असायचं. फाटकाशी दूधवाल्याची सायकल, झाडांवर बगळे, आणि जिन्यात माझ्याच चपलांचा आवाज. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरून मी टाकीवरचा दिवा लावायचे. मासे क्षणभर थबकायचे, मग एकमेकांच्या मागे धावू लागायचे. टाकीच्या तळाशी आम्ही काचेच्या गोट्या पसरल्या होत्या, कारण हे मासे स्वतःची अंडी स्वतःच खातात. गोट्यांच्या फटीतून खाली निसटलेली तेवढी वाचतात. थोड्या वेळाने मी रबरी नळीने तळाचं पाणी ओढून घ्यायचे आणि चहाच्या गाळणीत मोहरीहून लहान, नितळ अंडी जमायची.

पुढचा दिवस मायक्रोस्कोपशी. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार. दुपार व्हायच्या आत बलकाच्या गोळ्यावर पेशींचा एक ढिगारा बसलेला असतो, आणि मग तो हलू लागतो. पेशी पसरतात, पातळ होतात, बाळाच्या डोक्यावर टोपरं ओढावं तशा बलकावरून खाली उतरत जातात. अर्ध्या वाटेवर काठाच्या पेशी आत वळतात आणि आतल्या आत परत वर चढतात. काठावर एके ठिकाणी छोटासा उंचवटा येतो. मग चहूबाजूंच्या पेशी त्याच्याकडे सरकू लागतात, एकमेकींच्या फटीत शिरतात, ओळ धरतात. त्या ओळीची पाठ होते. मासा तिथून सुरू होतो.

हे सगळं डोळ्यांदेखत, काचेसारख्या अंड्यात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. हे खेड्यापाड्यांत दाखवलं पाहिजे, मराठीत दाखवलं पाहिजे, असं वाटत राहिलं. आम्ही काही जण रविवारी स्लाइड प्रोजेक्टर घेऊन पेठच्या आश्रमशाळांत जायचो, भुताखेतांवर, अंगात येण्यावर बोलायचो. मला वाटायचं, भाषणं कशाला हवीत? या लोकांना एकदा हा मासा घडताना दाखवा, बाकीचं आपोआप गळून पडेल.

माझे मार्गदर्शक देवरे सर सटाण्याचे. बोलणं संथ, चालणं त्याहून संथ. त्या उंचवट्याला ते ‘म्होरक्या’ म्हणत.

“त्या पेशी स्वतः फार काही करत नाहीत, मोहिनी,” ते एकदा म्हणाले. “नुसत्या असतात. बाकीच्यांना मग आपापली जागा कळते.”

मला म्होरक्याचंच काम हवं होतं. सुरुवातीच्या ढिगाऱ्याला मधोमध फास घालून आवळलं, तर म्होरके दोन होतील का? एका बलकावर दोन मासे होतील का? पण फास घालायला धागा मिळेना. रेशीम जाड पडायचं. माझा केस म्हणजे त्या गर्भापुढे दोरखंड होता. सर म्हणाले, जुन्या लोकांनी हे काम तान्ह्या बाळाच्या केसाने केलंय. एकदाही न कापलेला केस टोकाकडे निमुळता होत जातो. तसा केस दुसऱ्या कशाने मिळत नाही.

मी हसले. घरी रविवारी जावळ होतं.

२

मी इंदिरानगरला दादा-वहिनीकडे राहायचे. दादा, म्हणजे महेश, अंबडला एका कारखान्यात होता. हर्षाली वहिनी घरीच शिकवण्या घ्यायची. आणि त्यांची रोशनी, जिला मी कॉलेजातून आल्यावर पहिल्यांदा उचलायचे. ती मला ‘त्या’ म्हणायची, आत्यातला ‘आ’ खाऊन. तिला उराशी धरलं की दोन ठोके लागायचे. डावीकडे माझा, उजवीकडे तिचा, माझ्याहून भरभर. दोन घरं समोरासमोर असावीत आणि दोन्हींत दळण चालू असावं तसं.

जावळ गच्चीवर झालं. वहिनीचा भाऊ लखन मांडी घालून बसला, रोशनी त्याच्या मांडीवर. केस झेलायचा मान आत्याचा, म्हणून कणकेचा गोळा ठेवलेलं ताट माझ्या हातात. कोंडाजी न्हावी वस्तरा चालवताना तिला काहीबाही गोष्ट सांगत होता आणि ती रडायचं विसरून त्याच्या मिशीकडे बघत होती. डोकं उघडं पडलं तेव्हा त्याने बोटाने दाखवलं.

“उजवा भोवरा हाय. सरळ चालीची पोरगी.”

लखनने तिला आपल्याकडे वळवून धरलं आणि दादाने मागून तिच्या चकचकीत डोक्याचा फोटो काढला. मी ताटातून केसांची एक बट उचलली आणि फिल्मच्या रिकाम्या डबीत घातली. लपवून नाही, सगळ्यांसमोर. आई नांदगावहून आली होती, ती ताटाकडे बघत राहिली.

“हे कशापायी?”

मी सांगितलं, प्रयोगासाठी. दादा म्हणाला, “घे गं. तुझ्या माशांना गंगावन लाव.” लखन आणि वहिनी हसायला लागले. आई हसली नाही.

“जावळ सगळं गंगेला द्यायचं असतं. अर्धं दिलं म्हंजे दिलंच नाय.”

“नाही दिलं तर काय होतं?” मी विचारलं.

तिच्या सासूने सांगितलं म्हणून ती सांगत होती, एवढंच. मला अशा वेळी जिंकल्यासारखं वाटायचं. कणकेत उरलेलं जावळ घेऊन दादा आणि ती संध्याकाळी गोदावरीवर गेली. मी गेले नाही. मी काचेची नळी तापवून बारीक ओढत बसले होते.

३

नळीच्या तोंडातून केस दुमडून घातला, मेण लावलं. बाहेर उरला तो फास इतका बारीक, की उजेड पडला तरच दिसावा. पहिले काही दिवस नुसता हात बसवायला मी त्याने गर्भ उलटेपालटे केले, काठाला टेकवलं, सोडून दिलं.

म्होरक्या कुठे यावा हे आधी सांगता येत नाही. काठावर कुठेही येतो. पण फास जिथे टेकवला होता, तिथेच तो येऊ लागला. एकात आला, शेजारच्यात आला, मग बशीतल्या सगळ्यांत. मी नाचायची तेवढी बाकी होते. दुसऱ्या दिवशी माझ्या केसाचा फास करून पाहिला, वहिनीच्या केसाचा, रेशमाचा. काही झालं नाही. परत जावळाचा घेतला, पुन्हा तेच.

सर चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “योगायोगालाही थोडा वेळ दे. घाई करू नकोस.” हे ते कशालाही म्हणत.

नंतर एका दुपारी डबा खाऊन परत आले आणि उभ्या उभ्या बशीत डोकावले. मायक्रोस्कोपची गरज नव्हती, नुसत्या डोळ्यांनी कळत होतं. जावळाने हाताळलेले गर्भ एकाच दिशेला डोकं करून पडले होते. शेतातली सूर्यफुलं वळावीत तसे नाही, कारण उजेड खिडकीतून येत होता आणि यांचं तोंड कपाटाच्या कोपऱ्याकडे होतं.

मी बशी अर्धी फिरवली. हात धुऊन आले. ते पुन्हा कोपऱ्याकडे.

पाण्याला ओढ असेल. टेबलाला उतार असेल. टाकीतली एक गोटी काढून टेबलावर ठेवली, ती जागची हलली नाही. काळं कापड टाकलं, बल्ब दूर नेला, बशी दुसऱ्या खोलीत नेली. कापड काढलं की तेच. कपाटामागे भिंत, भिंतीमागे मैदान, पुढे रस्ता आणि मग सगळं शहर. त्या दिशेला दुसरं काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या खोलीत पंप बुडबुडे सोडत होता. तो आवाज मला इतका सवयीचा, की ऐकूच यायचा नाही. त्या दुपारी आला. कोणीतरी पाण्याखाली तोंड करून हसू दाबावं तसा.

४

घरी आले तर वहिनी म्हणाली, “ताई, तुमची भाची घड्याळाचा काटा झालीये. सरळ निजवते, सकाळी बघावं तर आडवी.”

मी दुसऱ्या दिवशी निघताना पाहिलं. आतल्या खोलीत उजाडत होतं. दादा भिंतीकडे तोंड करून, वहिनी अंगाचं मुटकुळं करून, आणि मध्ये रोशनी पलंगाला आडवी, डोकं खिडकीकडे. डोक्यावर खुंट फुटायला लागले होते. डोळे मिटलेले होते, पण चेहरा झोपेतला नव्हता. कोणी काही सांगत असताना आपण ऐकतो तसा होता.

मी तिला हळूच सरळ केलं. ती जड लागली. पाण्यात पडून राहिलेली वस्तू उचलावी तशी. मी चपला घालेपर्यंत ती परत आडवी होती.

लहान मुलं झोपेत लोळतात. खिडकीतून गार हवा येते. पंख्याचा झोत त्या बाजूला आहे. ही कारणं मी जिना उतरताना मोजली आणि मग उतरायच्या ऐवजी वर गच्चीवर गेले. चामरलेण्याचा डोंगर उजव्या हाताला ठेवून खिडकीच्या रोखाने सरळ पाहिलं. मधे पाण्याच्या टाक्या, धूर, झाडं. त्या रोखाने गेलं की गंगापूर रोड. तिथे आमचं कॉलेज, आणि त्याच्या दुसऱ्या मजल्यावर, कपाटाच्या कोपऱ्याकडे, म्हणजे आमच्या घराकडे डोकं करून, ते.

बस येईपर्यंत मी हे विसरायचं ठरवलं. मला सराव होता. आश्रमशाळेतल्या मुलांना मी हेच शिकवायचे, की दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीमुळे घडत नाही.

५

शेवटी मी तो प्रयोग केला, ज्यासाठी जावळ आणलं होतं. एका गर्भाचं कवच सोललं, पेशींच्या ढिगाऱ्यावर फास बसवला आणि श्वास रोखून आवळला. अर्ध्यापर्यंतच. ढिगाऱ्याला मधे कंबर आली.

दुपारी काठावर समोरासमोर दोन उंचवटे दिसले. पेशी गोंधळल्या नाहीत. अर्ध्या इकडे निघाल्या, अर्ध्या तिकडे, त्यांना कोणी नावानिशी हाक मारून बोलावलं असावं तशा. दुसऱ्या सकाळी एका बलकावर दोन मासे होते, पोटाशी जोडलेले, एकमेकांकडे तोंड केलेले. दोघांची हृदयं उडत होती.

सरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. मग म्हणाले, “बलक एकच आहे पण. बहुधा एकच राहील.”

“कुठला?”

“ज्याला जास्त मिळेल तो. आणि बघून ठेव, अशा जोडीत एक बऱ्याचदा उलटा निघतो. आरशात पाहावं तसा. हृदय सुद्धा पलीकडे.”

संध्याकाळी घरी वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, कडेवर रोशनी. मला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं. मग थोड्या वेळाने स्वतःच ओशाळली. म्हणाली, आत रोशनी हसल्याचा आवाज आला. आणि रोशनी तर माझ्या कडेवर आहे. शेजारच्यांचा टीव्ही असेल, मी म्हटलं. ती हो म्हणाली.

त्या दिवसापासून रोशनी उतरत गेली. ताप नाही, खोकला नाही. वरणभात खायची, केळं खायची, दूध प्यायची, आणि मनगटं काडीसारखी होत चालली. डॉक्टर म्हणाले, दात येत असतील. दुसरे म्हणाले, जंत. वहिनी रोज तिला शेजारच्या दवाखान्यात काट्यावर वजन करून आणायची आणि घरी येऊन आकडा सांगायची नाही. एकदाच म्हणाली, “सगळं खाते हो ताई. जातं कुठे?”

मी रोज सकाळी जोडीकडे बघायचे. डावीकडचा फिका पडत चालला होता. उजवीकडचा, सर म्हणाले तसा उलट्या हृदयाचा, भरत होता. केसाचा फास दोघांच्या मधे रुतला होता.

सुट्टीच्या एका दुपारी मी बाहेरच्या खोलीत वाचत होते. वहिनी दळण आणायला गेली होती. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं, पलंगावर पांढरी मच्छरदाणी सोडलेली, तिच्या आत रोशनी कुशीवर निजलेली. दोन्ही हात गालाखाली जोडून. बाहेर कोणीतरी गादीवर काठी मारत होतं. मला डुलकी लागत होती, पापणी मिटायची, उघडायची. एकदा उघडली तेव्हा मच्छरदाणीच्या खालच्या कडेतून एक छोटा हात बाहेर आलेला दिसला. बोटं कापडाची किनार चाचपत होती, हळूहळू, एकेक घडी.

मी रोशनीकडे पाहिलं. दोन्ही हात गालाखाली होते.

मी उठेपर्यंत मच्छरदाणी सरळ झाली होती. किनारीचा तेवढा भाग ओला होता.

६

दादाने फोन करून आईला बोलावून घेतलं. ती दुपारच्या गाडीने आली, नातीला मांडीवर घेतलं आणि तिचे पाय चोळत बसली. पाय गार होते. आई मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मी भांडले असते.

“ऱ्हायलेलं जावळ कुठं हाय, मोहिनी?”

“आहे.”

“सगळं?”

डबीतले केस होते. तुटलेले फास होते, ते मी बशीतून वेचून आणले असते. आणि एक फास त्या दोघांच्या मधे होता.

दादा म्हणाला, “आणून देऊन टाक ना बाई. तुझं काय जातंय?” तो माझी चेष्टा करणारा दादा नव्हता. आवाज बसलेला होता. मागे वहिनी रोशनीच्या ओठांना चमच्याने पाणी लावत होती आणि पाणी बाहेर ओघळत होतं.

माझा विश्वास नव्हता, आजही आहे असं मी म्हणणार नाही. पण ती समोर विझत होती आणि करण्यासारखं एवढंच कोणी सांगत होतं. मी रिक्षाने कॉलेजला गेले.

सर अजून होते. फास कसा काढू, विचारलं. ते म्हणाले, ओढू नकोस. मिठाच्या पाण्यात राहू दे, बलक आटला की आपोआप सैल पडेल, दोन दिवस लागतील. ते जिना उतरून गेले. मी मायक्रोस्कोपपाशी बसले. पंप हसू दाबत होता. दोन दिवस. त्या मुलीकडे दोन दिवस नव्हते, आणि मला वाट बघणं कधी जमलेलं नाही.

चिमट्याने मी केसाचं टोक धरलं आणि ओढलं.

आधी काही झालं नाही. मग बलकाला सुरकुती पडली, दोन्ही मासे एकदम शहारले, आणि पाण्यात दुधासारखा ढग पसरला. त्या ढगात मला काही दिसलं नाही. फास बाहेर आला तेव्हा त्याला थेंबाएवढं काहीतरी चिकटलेलं होतं. ते झटकून टाकायला हवं होतं की बशीत परत सोडायला, मी ठरवलं नाही. डबीतल्या केसांवर, वेचून टाकलेल्या तुटक्या फासांवर तो फास तसाच ठेवला आणि झाकण लावलं.

आई ठरल्याप्रमाणे गोदावरीवर, सोमेश्वरच्या घाटावर थांबली होती. ऊन कलतं होतं. तिने पिशवीतून कणीक काढली, मी डबी उलटी केली, तिने सगळं आत दाबून गोळा वळला. पाण्यात नेहमीचे मासे होते, लोकांनी टाकलेल्या मुरमुऱ्यांवर झोंबणारे. गोळा सोडला तशी त्यांची झुंबड आली.

एकानेही तोंड लावलं नाही. ते गोळ्याभोवती गोल उभे राहिले, सगळे आत डोकं करून. मग गोळा हळूहळू बुडाला आणि तेही त्याच्यासोबत खाली गेले, त्याच गोलात, पाणी हिरवं होतं तिथपर्यंत मला दिसत होते.

“झालं,” आई म्हणाली आणि पदराला हात पुसले.

घरी पोचलो तर वहिनी जिन्यातच भेटली. रडत होती आणि हसत होती. रोशनी उठून बसली होती. तिने भाकरीचा तुकडा मागून खाल्ला होता.

७

दुसऱ्या सकाळी बशीत एकच मासा होता. नितळ, भरलेला, शेपटी मारणारा. सर म्हणाले, “ओढलास ना? तरी एक राहिला.” त्यांनी मला जागा दिली. मी भिंग जुळवलं. हृदय उजवीकडे होतं.

मी बराच वेळ बघत बसले. दिवा लावायचा राहिला होता, टाकीतले मासे अंधारात स्वस्थ होते. केसासोबत कोण गेला, हे मला तेव्हा कळलं. फिका होता तो. मूळचा. ज्याचं सगळं जागच्या जागी होतं तो.

घरी सगळे आनंदात आहेत. रोशनीची मनगटं भरली. ती सरळ झोपते, आडवी होत नाही. दवाखान्यातल्या काट्यावर ठेवलं की वहिनी आता मोठ्याने आकडा सांगते. फक्त पहाटे मी निघते तेव्हा दिसतं, वहिनी झोपेत पलंगाच्या रिकाम्या बाजूला हात टाकून थोपटत असते. रोशनी दुसऱ्या अंगाला, डोळे उघडे ठेवून, तिच्याकडे बघत.

तिच्या डोक्यावर केस आलेत. आंघोळीनंतर वहिनी पंच्याने पुसत होती तेव्हा मी भोवरा पाहिला. डावा होता. मला नीट आठवत नसेल, म्हणून मी जावळाचे फोटो कपाटातून बाहेर काढले. फोटोत उजवा. फोटोवाल्याने निगेटिव्ह उलटी धरून छापली असेल, असं मी म्हटलं, आणि मग मला लखनचा टी-शर्ट दिसला. छातीवर त्यांच्या गणेश मंडळाचं नाव, सरळ, वाचता येण्यासारखं.

मी फोटो पाकिटात घालून ठेवला. कोणाला काय सांगू? मूल खातंय, खेळतंय, आपल्या आईच्या गळ्यात हात टाकतंय. मला ‘आत्या’ म्हणतं. स्पष्ट, ‘आ’ न खाता.

काल संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि दोन्ही हात वर केले. मी आतल्या खोलीत जमिनीवर बसले होते. एवढ्या दिवसांत मी तिला उराशी धरलं नव्हतं, काही ना काही निमित्त काढलं होतं. ती उभीच राहिली. मी तिला उचललं.

उजवीकडे काही लागलं नाही. माझी ती बाजू गार होती, रिकाम्या घरासारखी. ठोका डावीकडे होता, बरोबर माझ्या ठोक्यावर. आधी दोन वेगळे कळत होते, तिचा भरभर, माझा सावकाश. मग कळेनासे झाले. मी श्वास सावरला, मनात आकडे म्हणायला लागले, आणि लक्षात आलं की तिचा सावकाश झाला नव्हता.

तेवढ्यात वहिनी आली. गॅसवर दूध होतं, तरी आली. दारात थांबून म्हणाली, कशाला आले बाई मी, आणि माझ्या गुडघ्याला गुडघा लावून खाली बसली. मग दादा आला, हातात पेपर तसाच. तो दुसऱ्या बाजूला बसला, अगदी जवळ, मध्ये फट राहणार नाही असा. आई दाराशी गहू निवडत होती. ताट बाजूला सारून ती सरकत सरकत आमच्या पाठीशी येऊन टेकली. स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला, कोणी उठलं नाही. सगळे बरोबर बसले होते, आपापल्या जागी.

मी उठायचं ठरवलं. पाय ऐकेनात, किंवा मीच त्यांना सांगितलं नसेल.

रोशनी काहीच करत नव्हती. नुसती होती.